दोन्ही टोकांना सारखं

अण्णा लोको शेडमध्ये फिटर होते. व्हॉल्व्ह सेटिंगचं काम निघालं की त्यांना बोलावणं यायचं. लहानपणी मला वाटे, यात काय एवढं? सिलिंडरला दोन टोकं, मधे पिस्टन, वाफ आळीपाळीनं दोन्हीकडून ढकलणार. दोन्ही टोकांना सारखी वाफ द्यायची, झालं.

हे 'सारखं' किती अडचणीचं असतं ते त्यांनी एकदा अंगणातल्या फरशीवर खडूनं काढून दाखवलं. डब्ल्यूजी इंजिनाचा स्ट्रोक 28 इंच. पुढच्या टोकापासून क्रँक पाव फेरा फिरला की पिस्टन बरोबर मध्यावर, 14 इंचांवर हवा. तो तिथं नसतो. त्या वेळी कनेक्टिंग रॉड तिरका असतो, आणि तिरका रॉड आडव्या मापात आखूड पडतो. रॉड आठ फुटांचा धरला तर पिस्टन मध्य ओलांडून सुमारे इंचभर गेलेला असतो. मागच्या टोकाकडून निघाला की तेवढाच कमी पडतो. त्यात मागच्या बाजूला पिस्टन रॉडनं जागा अडवलेली, म्हणजे वाफेला रेटायला पृष्ठभागही कमी. दोन टोकं मुळातच असमान.

आता समान करायचं ते काय? पिस्टन टोकाला असताना व्हॉल्व्ह जेवढा उघडा असतो ते लीड. स्ट्रोकचा जेवढा भाग झाल्यावर वाफ तोडतात तो कट-ऑफ. लीड दोन्हीकडे सारखं ठेवलं तर पुढच्या टोकाला वाफ जास्त अंतरापर्यंत मिळते. कट-ऑफ सारखा करायला व्हॉल्व्ह स्पिंडलवर जरा सरकवला की लीड बिघडतं. गियरच्या सांध्यांच्या जागा हलवून आराखडा करणारे हा फरक बराच कमी करतात, पण पुसून टाकू शकत नाहीत. अमर्त्य सेनांनी 1979 साली स्टॅनफर्डला दिलेल्या व्याख्यानाचं शीर्षकच 'समता कशाची?' असं होतं. अण्णांनी सेन वाचले नव्हते. रोज ट्रॅमेल घेऊन त्याच प्रश्नाशी झटत होते.

त्यांचं उत्तर असं: ज्या खुणेवर इंजिन सगळ्यात जास्त काळ चालतं, तिथं कट-ऑफ सारखा करा. उभ्या इंजिनावर लीड मोजता येतं, म्हणून साहेबाला ते आवडतं. पण दोन सिलिंडरांचे मिळून एका फेऱ्याला चार ठोके पडतात, आणि इंजिन लंगडतंय का हे भार ओढताना कानालाच कळतं. शिवाय सेटिंग थंडीत होतं नि काम तापल्यावर. तापला की स्पिंडल लांबतो, म्हणून थंड असताना तो मुद्दाम थोडा चुकवूनच बसवायचा.

याच माणसानं मृत्युपत्रात घर आम्हा दोघा भावांना निम्मं-निम्मं दिलं.

मी सतराव्या वर्षी पुण्याला शिकायला गेलो, तो अण्णांच्या फंडातून. धाकटा बारावीनंतर थांबला. आईची शेवटची अकरा वर्षं त्यानं आणि त्याच्या बायकोनं काढली. मी दिवाळीला जायचो. मृत्युपत्र वाचलं तेव्हा तो काही बोलला नाही. मीही नाही, आणि माझं न बोलणं सोयीचं होतं. कागदावर सारखं दिसत होतं ना!

गेल्या महिन्यात हक्कसोडपत्राचा मसुदा करून घेतला. तेव्हापासून तो टेबलावर पडून आहे. बायको म्हणते, सही करा. मला अडवतो तो वेगळाच विचार. इंजिनाला एकच काम असतं, गाडी ओढणं. त्यामुळे कुठलं माप खरं ते शेवटी रूळ सांगतात. घराला कुठली गाडी ओढायची असते? त्याच्या अकरा वर्षांचा हिशेब मी करून हातात ठेवला, तर ते देणं होईल की पगार? अण्णांना हे सुचलं नसेल असं मानायला मी तयार नाही. सगळं माहीत असून त्यांनी निम्मं-निम्मंच लिहिलं. कदाचित मुलांचं माप आपण ठोकून बसवू नये, असं त्यांना वाटलं असेल. कदाचित नुसते थकले असतील.

शेवटी परवा फोन केला आणि सगळं सांगितलं. धाकटा बराच वेळ गप्प होता.

"दादा," तो म्हणाला, "कागद घेऊन ये. पण चार दिवस राहायला ये. उभ्या उभ्या नको."

शुक्रवारचं तिकीट काढलंय.