गाडी रात्री कुठे असते?

दोन भाऊ होते. थोरला गावी राहायचा, धाकटा शहरात.

थोरल्याचे बी-बियाण्यांचे दुकान तालुक्याच्या गावी होते, घरापासून २२ किलोमीटरवर. सकाळी तो गाडी काढायचा आणि दिवेलागणीला परत यायचा. गाडी १२ वर्षांची झाली होती आणि आता ती दर महिन्याला मेकॅनिककडे जाऊ लागली होती. धाकटा एका कंपनीत हिशेब सांभाळायचा. तो मेट्रोने कामावर जायचा. त्याची गाडी ४ वर्षांची होती. ती रविवारी बाहेर निघायची, एरवी सोसायटीच्या आवारात धूळ खात उभी असायची.

दिवाळीला धाकटा घरी आला तो एकच विषय डोक्यात घेऊन.

"दादा, आता दोघांनीही विजेची गाडी घेऊ," तो म्हणाला. "थंडी सुरू झाली की शहरात धूर खाली बसतो. माझ्या लेकीचा खोकला दोन-दोन महिने हटत नाही. आपण आपल्यापुरता तरी धूर थांबवू."

त्याचे म्हणणे मनापासूनचे होते. थोरल्याला ते पटलेही. पण त्याच्या मनात धास्ती होती.

"रस्त्यात चार्जिंग संपलं तर? इथे पावसाळ्यात दोन-दोन दिवस लाइट नसते. आणि वर्षाला कुलदैवताला कोकणात उतरायचं असतं. घाटात अडकलो तर काय करू? नको रे बाबा. ही गाडी शहरातल्यांसाठी. तू घे."

दोघे शोरूममध्येही जाऊन आले. धाकट्याने लांबवर गाडी चालवून पाहिली. थोरला शेजारी बसून आकड्यांकडे बघत राहिला. घरी आल्यावर पुन्हा तोच वाद सुरू झाला.

त्या दिवशी वायरमन काका ओसरीवर दिव्यांच्या माळा लावत होते. गावातल्या निम्म्या घरांचे वायरिंग त्यांच्या हातचे होते. आई म्हणाली, "अरे, विजेची गाडी ना? मग विजेच्या माणसाला विचारा."

काका शिडीवरून उतरले. त्यांनी किंमत विचारली नाही, गाडी किती पळते तेही विचारले नाही.

"गाडी रात्री कुठे असते?" त्यांनी विचारले.

"कुठे असणार? अंगणात," थोरला म्हणाला.

"आणि तुझी?"

धाकटा जरा थांबला. "जागा मिळेल तिथे. कधी गेटजवळ, कधी मागच्या बाजूला. यायला उशीर झाला तर बाहेर रस्त्यावर."

"चार्ज कशी करशील?"

"गॅलरीतून वायर सोडीन."

"तिसऱ्या मजल्यावरून? ते तर मी माझ्या वैऱ्यालाही करू देणार नाही."

काका पायरीवर बसले. त्यांनी आईकडून जुन्या कॅलेंडरचे पान मागून घेतले आणि पाठकोऱ्या बाजूवर दोन रकाने आखले.

"थोरल्या, तू रोज ४४ किलोमीटर फिरतोस. वर्षाचे ३०० दिवस धरले तर १३,२०० किलोमीटर. पेट्रोल १०५ रुपये लिटर, गाडी लिटरला १५ किलोमीटर देते, म्हणजे किलोमीटरला ७ रुपये. विजेची गाडी एका युनिटला साधारण साडेसहा किलोमीटर जाते. युनिट वाढले की वरचा स्लॅब लागतो, म्हणून युनिटला १३ रुपये धरू. किलोमीटरला २ रुपये पडले. वाचले ५."

त्यांनी गुणाकार केला. वर्षाचे ६६,००० रुपये होत होते. पेट्रोलच्या नव्या गाडीपेक्षा ही गाडी साडेतीन लाखांनी महाग होती. म्हणजे साडेपाच वर्षांच्या आत वरचे पैसे फिटत होते. बॅटरीची हमी ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर, यातले जे आधी होईल तोवर होती.

मग ते दुसऱ्या रकान्याकडे वळले. धाकट्याची गाडी वर्षाला ५,००० किलोमीटर फिरायची. घरी चार्जिंग नाही, म्हणजे बाहेरच्या चार्जिंगवर युनिटला २० रुपये धरायचे, किलोमीटरला ३ पडायचे. वर्षाला वाचणार २०,०००. साडेतीन लाख फिटायला सतराहून जास्त वर्षे लागत होती. शिवाय दर खेपेला चार्जिंगच्या जागी जाऊन थांबायचे ते वेगळेच.

"आणि तुझी गाडी धडधाकट आहे," काका म्हणाले. "दादाला तर तशीही नवी घ्यावीच लागणार."

धाकटा काही बोलला नाही. ज्याला हवी होती त्याला नको, आणि ज्याला नको होती त्याला घे, असा तो हिशेब निघाला होता.

थोरल्याची धास्ती मात्र अजून गेली नव्हती. त्याने लाइटचे विचारले.

"बॅटरी ३० युनिटची," काका म्हणाले. "पुस्तिकेत ३०० च्या वर लिहिलंय, ते सोडून दे. एसी लावून, माणसं बसवून २०० जाईल. तुझे ४४ गेले तर ७ युनिट लागतात. साध्या १५ अँपियरच्या प्लगवर तेवढे अडीच तासांत भरतात. दोन दिवस लाइट गेली तरी तुझं दुकान उघडेल."

मग काकांनी अंगणातला जुना प्लग उघडला. पिशवीतून बल्ब काढला. एक वायर फेजला लावली, दुसरी न्यूट्रलला. बल्ब लख्ख पेटला. दुसरी वायर त्यांनी अर्थिंगला लावली, तसा बल्ब लालसर, मलूल झाला.

"हे बघ," ते म्हणाले. "तुझं अर्थिंग कधीच मेलंय. गाडी यावर चार्जिंग घेणार नाही. आणि घेऊ नयेच. आधी हे कर, मग गाडीचं बघ."

भाऊबीज झाल्यावर अंगणाच्या कडेला खड्डा खणला गेला. त्यात पत्रा उभा केला, मीठ आणि कोळशाचे थर दिले, पाणी ओतले. मीटरपासून वेगळी जाड वायर आणली, तिला स्वतंत्र एमसीबी बसवला. काकांनी पुन्हा बल्ब लावून पाहिला. या वेळी तो दोन्हीकडे सारखाच पेटला. पुढच्या महिन्यात हिरव्या नंबरप्लेटची गाडी अंगणात उभी राहिली.

पावसाळ्यात एकदा दोन रात्री लाइट गेली. तेव्हा गाडीत निम्म्याहून जास्त चार्जिंग शिल्लक होते. थोरला रोजच्यासारखा दुकानात गेला. कुलदैवताला जाताना घाट उतरताना त्याने पाहिले, उताराला ब्रेकबरोबर थोडी वीज बॅटरीत परत येत होती. येताना चढणीवर बॅटरी भराभर उतरणार हे काकांनी आधीच बजावले होते. म्हणून घाटाखाली एका हॉटेलाजवळच्या फास्ट चार्जरवर गाडी लावून घरची मंडळी जेवायला बसली. तासाभरात ८० टक्के झाले. त्यापुढे भरण्याचा वेग मंदावतो, म्हणून तो तिथूनच निघाला आणि अंधार पडायच्या आत घरी पोहोचला.

इकडे धाकटा काही दिवस खट्टू होता. मग त्याच्या मनात आले, की अडचण गाडीची नाही, जागेची आहे. आणि जागा एकट्या त्याचीच नाही, सगळ्यांची आहे.

त्याने सोसायटीच्या सभेत विषय मांडला. कोणी म्हणाले, खर्च कोण करणार. कोणी म्हणाले, आग लागली तर. कोणी म्हणाले, आमच्याकडे गाडीच नाही, आम्ही वर्गणी का द्यायची. धाकट्याने कोणाशी वाद घातला नाही. प्रश्न लिहून घेतले आणि पुढच्या सभेला उत्तरे आणली. परवानाधारक ठेकेदाराकडून वायरिंग, प्रत्येक पॉइंटला वेगळा मीटर, जो चार्ज करील त्याच्याकडून वापराचे पैसे, ठरलेल्या जागा. इमारतीचा मंजूर भार वाढवून घेण्यासाठी तो वीज कंपनीच्या कार्यालयात अर्ज घेऊन गेला, कागद कमी पडला म्हणून परत आला, पुन्हा गेला. असे वर्ष-दीड वर्ष चालले. शेवटी पार्किंगच्या भिंतीला चार पॉइंट लागले.

पहिली गाडी आली ती त्याच्या शेजाऱ्याची. शेजारी औषधांच्या कंपनीचा फिरता विक्रेता होता, दिवसाला ८० किलोमीटर हिंडायचा. तो पेढे घेऊन आला.

"तुम्ही खटपट केलीत म्हणून घेता आली," तो म्हणाला. "पण तुमची कधी?"

"माझी अजून चांगली चालते," धाकटा म्हणाला. "ती थकली की मग."

रात्री त्याने सहज हिशेब मांडला. शेजाऱ्याची गाडी वर्षाला २४,००० किलोमीटर फिरणार होती, त्याच्या स्वतःच्या गाडीच्या जवळजवळ पाचपट. त्याने स्वतः गाडी घेतली असती तर जेवढा धूर थांबला असता, त्याच्या पाचपट त्याने गाडी न घेता थांबवला होता. त्याने लगेच दादाला फोन लावला. वायरमन काका तिथे अंगणातच होते. ते ऐकून काका म्हणाले, "मग आता लेकीला सांग, बापाने काय केलं ते."

एकाच घरात वाढलेले दोन भाऊ, दोघांचाही हेतू चांगला. तरी एकाला गाडी घेणे योग्य होते आणि दुसऱ्याला थांबणे. अमुक गाडी चांगली की वाईट, असे आपण सगळ्यांना विचारत फिरतो. पण रोजची वाट किती, रात्रीचा मुक्काम कुठे आणि आहे ती वस्तू अजून किती दिवस साथ देणार, या तीन प्रश्नांची उत्तरे आपल्याजवळच असतात. ती खरेपणाने दिली की धास्तीही जाते आणि हौसही ठिकाणावर येते. आणि उत्तर 'आत्ता नको' असे आले, तरी चांगला हेतू वाया जात नाही. ज्याची वाट लांब आहे त्याची सोय करून देणे, हेही त्याच हेतूचे काम असते.