मृत भाषा कोणासाठी शिकावी?

गेल्या पावसाळ्यात सिल्वासा येथे उपासनेनंतर एका पालकांनी आम्हांस विचारले, "मुलीने संस्कृत घ्यावे का? मार्क चांगले पडतात म्हणे." शेजारी उभी असलेली एक मुलगी हळूच म्हणाली, "आमची वारली तर शाळेत नाहीच." ही दोन्ही वाक्ये आम्ही घरी घेऊन आलो. जी भाषा आज कोणाच्या चुलीपाशी ऐकू येत नाही ती शिकवावी आणि जी ऐकू येते ती वगळावी, हे न्यायाचे आहे काय?

प्रथम लाभाची बाजू पाहू. शब्बाथ शाळेत आपण 'पश्चात्ताप' शिकवतो. हा शब्द संस्कृत. अर्थ, मागाहून होणारा ताप. मुलांना वाटते, रडले की झाले. परंतु नव्या करारातील ग्रीक शब्द 'मेतानोइया' मन पालटण्याविषयी बोलतो, आणि संदेष्ट्यांचा इब्री शब्द 'शूब' म्हणजे मागे फिरणे. शेजाऱ्याची कोंबडी नेणाऱ्याचे नुसत्या रडण्याने भागत नाही. ती परत द्यावी लागते. लॅटिन शास्त्रातील हीच आज्ञा लोक 'प्रायश्चित्त करा' अशी समजत. १५१६ साली इरॅस्मसने ग्रीक नवा करार छापला, आणि ह्या शब्दाचा मूळ अर्थ उमगल्यावर आपल्याला झालेला आनंद ल्यूथरने १५१८ च्या एका पत्रात आपल्या वडीलधाऱ्या स्टाउपिट्झ यांना कळवला.

शिवाय मृत भाषा नम्रता शिकवते. जिवंत मनुष्य आपल्यासाठी सोपे करून बोलतो. दोन हजार वर्षांपूर्वीचा लेखक तसे करणार नाही. आपणच पायऱ्या चढून त्याच्यापर्यंत जावे लागते.

पण ह्याच पायऱ्यांची भिंतही होते. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाले, तेव्हा रोमन कॅथलिक मिस्सा बहुतेक ठिकाणी लॅटिनमध्येच होत असे. लोकभाषांना वाट मिळाली ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेमुळे (१९६२–६५). संस्कृताचे दार तर स्त्रियांना आणि शूद्रांना शतकानुशतके बंद होते. आम्ही प्रॉटेस्टंटांनीही फुशारकी मारू नये. डिप्लोमा झाल्यावर चार ग्रीक शब्द ऐकवून मंडळीला दिपवण्याचा मोह आम्हांलाही झाला आहे.

मग खरी कसोटी कोणती? पंडिता रमाबाईंकडे पाहा. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून पत्नीला संस्कृत शिकवले, आणि त्या आईने लेकीला. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी रमाबाईंचा गौरव केला. पुढे त्या इब्री आणि ग्रीक शिकल्या. इतके पांडित्य असूनही केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी मूळ भाषांतून पवित्र शास्त्राचे भाषांतर केले ते साध्यासुध्या बायाबापड्यांना कळेल अशा सोप्या मराठीत. १९२२ साली मृत्यूपूर्वी त्यांनी ते काम पुरे केले. त्या पायऱ्या चढल्या, आणि हाती आलेले घेऊन पुन्हा खाली उतरल्या.

मार्कानेही शुभवर्तमान ग्रीकमध्ये लिहिले; परंतु याइराच्या मुलीला उठवताना प्रभु येशू जे बोलला ते शब्द त्याने घरगुती अरामीतच राखून ठेवले. चुलीपाशची भाषा देवाच्या कामी हलकी ठरली नाही.

म्हणून त्या पालकांना आम्ही सांगितले: मुलीला संस्कृत जरूर घेऊ द्या, मात्र आठवड्याला एक शब्द तिने आजीला आजीच्या भाषेत समजावून सांगावा. सांगता आला नाही, तर तो शब्द अजून तिला आलेला नाही असे समजा. आणि त्या दुसऱ्या मुलीला आम्ही पुढच्या रविवारी याइराच्या मुलीची गोष्ट वर्गात वारलीत सांगण्यास विनंती केली. ती बोलत असता आम्ही मागच्या चटईवर बसून ऐकले. काही शब्द आम्हांस कळले नाहीत. ते आम्ही तिला विचारून घेतले.