फळीवरचा एल्फ आणि गव्हाणीतले बाळ

आमच्या वसईच्या धर्मग्रामातील एक मावशी २०२३ चा नाताळ अमेरिकेत, न्यू जर्सीला मुलीच्या घरी साजरा करून परतल्या. भेटीला आल्या तेव्हा चॉकलेटच्या पाकिटाबरोबर त्यांनी एक प्रश्नही आणला होता. प्रश्न मुलीचा, तो विचारण्याचे काम तिने आईवर सोपवले होते. "फादर, रात्री मुले झोपली की ती दोघे तो बाहुला हलवतात आणि सकाळी सांगतात, तो आपला आपणच चालत गेला. हे खोटे बोलण्याच्या पापात येते का?" आणि थोडे थांबून, खाली पाहत मावशी म्हणाल्या, "एकदा मुलगी रात्रपाळीला होती, तेव्हा मीही हलवला."

कोणता बाहुला, हे मला आधी समजून घ्यावे लागले. जॉर्जिया राज्यातील कॅरल एबरसोल्ड आणि त्यांची कन्या चांडा बेल यांनी २००५ साली 'द एल्फ ऑन द शेल्फ' नावाचे मुलांचे पुस्तक काढले व त्याच्या जोडीला लाल पोशाखातला, टोकदार टोपीचा एक लहानसा बाहुला दिला. एल्फ हा उत्तर युरोपच्या लोककथांतला बुटका, खोडकर जीव. पुढे तो सांताक्लॉजचा मदतनीस झाला. नाताळच्या आधीच्या आठवड्यांत हा एल्फ घरातील एखाद्या फळीवर बसून मुलांवर लक्ष ठेवतो, रात्री उत्तर ध्रुवावर उडत जाऊन सांताक्लॉजला दिवसभराचा अहवाल देतो आणि सकाळ होण्यापूर्वी परत येऊन नव्या जागी बसतो, अशी ती कथा. त्याला मुलांनी स्पर्श करायचा नाही, केला तर त्याची जादू जाते. नाताळच्या आदल्या रात्री तो निघून जातो.

मावशींच्या नातवंडांचा एल्फ एका सकाळी सांडलेल्या पिठात पाय फाकून बसला होता, तर दुसऱ्या सकाळी सुतळीचा गळ टाकून भांडी धुण्याच्या कुंडीत मासे पकडत होता. एके दिवशी आईबाप दमून झोपी गेले आणि बाहुला हलवायचा राहिला. तेव्हा सकाळी त्याला सर्दी झाल्याचे जाहीर करून बापाने त्याच्या गळ्याभोवती हातरुमाल गुंडाळला. हे सांगताना मावशी पदराआड हसत होत्या. पाप विचारायला आलेले माणूस असे हसत असेल, तर धर्मगुरूने फार घाई करू नये.

मी सेमिनरीत शिकलो त्या नीतिशास्त्राच्या वर्गात हा विषय चांगलाच रंगत असे. संत ऑगस्टीन यांनी इसवी सन ३९५ च्या सुमारास असत्यावर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला. असत्याच्या बाबतीत त्यांच्याइतका कठोर आचार्य विरळा. पण आरंभीच ते थट्टा बाजूला काढून ठेवतात, कारण बोलणाऱ्याच्या स्वरावरूनच त्यात फसवण्याचा हेतू नसल्याचे कळते. संत थॉमस अक्विनास थोडे अधिक सावध आहेत. गमतीखातर बोललेले असत्य त्यांच्या मते असत्यच, मात्र त्याचा दोष हलका. तेच अक्विनास दुसरीकडे खेळकरपणाला सद्गुणांत बसवतात आणि मुळीच न खेळणाऱ्या माणसाला दोष देतात. तिथे ते एक जुनी गोष्ट सांगतात. संत योहानाला शिष्यांसोबत खेळताना पाहून काही लोकांना ते खटकले. योहानाने त्यांतील एका धनुर्धराला बाण सोडायला सांगितले आणि विचारले, "हे तुला अखंड करता येईल का?" तो म्हणाला, "केले तर धनुष्य मोडेल."

आपल्याकडेही आई चिऊकाऊच्या नावाने घास भरवते. लपंडावात समोरच दिसणाऱ्या पोराला "कुठे बरे गेला?" म्हणून शोधते. त्याला कोणी खोटे म्हणत नाही, कारण खेळ दोघांनाही ठाऊक असतो. एल्फच्या खेळात हे अर्धेच खरे आहे. मुलाला तो खेळ आहे हे ठाऊक नसते, किंवा निम्मे ठाऊक असते आणि निम्मे त्याला नको असते. म्हणून मी मावशींना एवढेच सांगितले, की मूल खेळात विचारते तोवर खेळात उत्तर द्यावे. पण ज्या दिवशी ते डोळ्यांत डोळे घालून विचारील, "आई, खरे सांग", त्या दिवशी खरेच सांगावे. तिथून पुढचा एक शब्दही थट्टा राहत नाही.

मावशींचे समाधान झाले. माझे मात्र त्यांच्या पुढच्या वाक्याने गेले. सहा वर्षांच्या नातवाच्या हातून दुधाचा पेला पडला, तेव्हा त्याने आईकडे पाहिले नाही. आधी फळीकडे पाहिले.

मी तरुण साहाय्यक धर्मगुरू होतो, तेव्हा पहिल्या कम्युनियनच्या मुलांचा वर्ग माझ्याकडे असे. वर्गात शांतता राखायला माझे हुकमी वाक्य होते, "देव बघतो आहे." एकदा एका मुलाने विचारले, "फादर, देव झोपत नाही का?" मी मोठ्या उत्साहाने म्हणालो, "कधीच नाही!" त्या पोराचा चेहरा पडला. तो का पडला हे समजायला मला बरीच वर्षे लागली. ज्याच्या दृष्टीखाली त्याने निर्धास्त झोपावे, त्या पित्याला मी फळीवरचा पहारेकरी करून टाकले होते. एल्फला नावे ठेवण्याचा माझा अधिकार तेव्हाच संपला आहे.

म्हणून मी निरोप पाठवला, की बाहुला ठेवा, पण त्याची नोकरी बदला. अहवाल देण्याचे काम त्याच्याकडून काढून घ्या आणि त्याला मुलांचा सोबती करा. सकाळी त्याच्या हातात एक चिठ्ठी असावी. आज कपाट उघडून आखूड झालेला कोट काढा, तो ज्याला पुरेल त्याला देऊ. एखाद्या दिवशी तो टेलिफोनशेजारी बसलेला सापडावा. तिथले रात्रीचे आठ म्हणजे थंडीच्या दिवसांत वसईचे सकाळचे साडेसहा, आजी मिस्साहून आलेली असते. एखाद्या दिवशी तो पीठ, साखर आणि नारळ मांडून वाट पाहत असावा आणि त्या दिवशी शेजाऱ्यांसाठी कुसवाराची ताटली भरावी. फार कल्पना लढवण्याची गरज नाही. दमलेल्या आईबापांनी त्याला नुसते खिडकीत बसवले तरी चालेल. आमच्या लहानपणी आगमनकाळात शाळेतल्या सिस्टर एकेका सत्कृत्यामागे गव्हाणीत पेंढ्याची एक काडी ठेवायला लावत. तो पेंढा एल्फने आणून द्यावा. काड्या मोजू मात्र नयेत, ही सूचना माझी. आम्ही मोजत असू, आणि मी एकदा शेजारच्या मुलाच्या काड्या चोरल्या होत्या.

या सगळ्या मंडळींचे मूळ शोधत गेले तर चौथ्या शतकातील मायरा नगरीच्या बिशपांपाशी, संत निकोलस यांच्यापाशी पोहोचता येते. त्यांचा सण ६ डिसेंबरला. तीन गरीब मुलींच्या हुंड्याची रक्कम त्यांनी रात्री गुपचूप त्यांच्या घरात टाकली, अशी परंपरा आहे. मुली कशा वागतात याची चौकशी केल्याचे त्या कथेत कुठे नाही. उलट आपण कोणाला दिसू नये याचीच त्यांना काळजी. त्या बिशपांनाच १८२३ साली एका अमेरिकन कवितेने एल्फ म्हटले. तेव्हा अमेरिकेतल्या बाहुल्याने आपल्या थोरल्या नातलगाचे वळण घ्यायला हरकत नसावी.

स्पर्शबंदीचा नियम मात्र मला अजून सलतो. आमच्या चर्चमध्ये मध्यरात्रीच्या मिस्सानंतर लहान मुले रांगेत उभी राहून गव्हाणीतल्या बाळाची पावले चुंबतात. त्यात रंग उडतो, एखाद्या वर्षी बोट तुटते आणि सॅक्रिस्टन कुरकुरत ते चिकटवतो. हात लावू दिल्याने जादू जाते, असा देव आपल्याला मिळालेला नाही.

मुलीचे शेवटचे भय तिने स्वतः फोनवर बोलून दाखवले. "फादर, एल्फ खोटा निघाला की हा उद्या येशूबद्दलही तेच विचारील." मी म्हणालो, "विचारू दे. तुम्ही दोघे एल्फपुढे गुडघे टेकलेले त्याने कधी पाहिले आहे का?" ती बराच वेळ बोलली नाही. तिच्या घरात शेवटची एकत्र प्रार्थना कधी झाली, हे मी विचारले नव्हते. पण तिने ते ऐकले असावे.

२०२४ च्या आगमनकाळात त्या मुलाने खरोखर विचारले. आईने सांगितले. तो थोडा रडला, येशूबद्दल काही विचारले नाही, आणि मग म्हणाला, "आज रात्री बहिणीसाठी मी हलवू?" त्याने कुठे ठेवला हे आजीला ठाऊक आहे. धाकटीला कळता कामा नये, अशी तिला न्यू जर्सीहून सक्त ताकीद असल्यामुळे तिने मलाही सांगितलेले नाही.