आजचं चिंतन : पुलावरून दिसलं तेवढं

आजचा श्लोक दुसऱ्या अध्यायातला चाळिसावा. तो मी गुरुवारी सकाळी वाचला होता आणि शुक्रवारी त्यावर लिहायचं होतं. पण तीन दिवस काही लिहिलंच नाही. दोघातिघांनी काळजीने विचारलं, तब्येत बरी आहे ना. तब्येत ठणठणीत आहे. श्लोकापाशी अडले होते, एवढंच.

अर्थ तसा सोपा आहे. भगवान अर्जुनाला सांगतात की या मार्गावर केलेला आरंभ नाश पावत नाही, त्यातून उलटा दोषही लागत नाही, आणि या धर्माचं अगदी थोडं आचरण झालं तरी ते मोठ्या भयातून सोडवतं. आजवर हा श्लोक मी घरगुती औषधासारखा वापरत आले. कुणाचा मुलगा परीक्षेत राहिला, कुणाचं दुकान बसलं, की मी म्हणायची, "अहो, गीतेतच सांगितलंय, केलेलं काही वाया जात नाही." समोरचा मान डोलवायचा. मलाही काहीतरी चांगलं केल्यासारखं वाटायचं.

स्वतःच्या मुलाच्या वेळी मात्र हे औषध मला आठवलं नाही.

सध्या आम्ही दोघं त्याच्याकडे मॉन्ट्रियलला आहोत, हे नेहमीच्या वाचकांना माहीत आहे. तो इथे संशोधनासाठी आला. सहा वर्षं केलं, आणि या फेब्रुवारीत पीएच.डी. अर्धवट सोडून नोकरीला लागला. फोनवर त्याने कारणं सांगितली होती. मार्गदर्शक मध्येच दुसरीकडे गेले, पैसे आटले, असं काही. मी ती धड ऐकूनही घेतली नाहीत. एवढंच म्हणाले, "म्हणजे सहा वर्षं फुकट गेली." तो "हो आई" म्हणाला, आणि लगेच विचारलं की बाबांचे गुडघे कसे आहेत. त्यानंतर तो विषय आमच्यात निघालेला नाही. इथे येऊन महिना झाला तरी नाही.

गुरुवारी रात्री तो म्हणाला, "चल आई, तुला आतषबाजी दाखवतो." हे गुडघ्यांमुळे घरीच थांबले. आम्ही दोघंच निघालो.

इथे सेंट लॉरेन्स नदीत एक बेट आहे, सेंट हेलेन नावाचं. त्यावर ला रोंद म्हणून मोठं मनोरंजन उद्यान आहे. तिथे १९८५ सालापासून उन्हाळ्यात आतषबाजीची आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरते. एकेका रात्री एकेका देशाचा चमू, साधारण अर्ध्या तासाचा कार्यक्रम, आणि सगळी दारू संगीताच्या तालावर उडवायची. ज्युरी असते, शेवटी सोन्याचं, चांदीचं आणि काशाचं अशी बक्षिसं असतात. 'ज्युपिटर' म्हणतात त्यांना, म्हणजे आपला गुरू ग्रह. तिकीट काढून आत बसता येतं, पण निम्मं शहर फुकटातच बघतं. बेटावरून जाणारा जॅक कार्तिए पूल त्या रात्री गाड्यांना बंद करतात आणि माणसं चालत पुलावर जाऊन उभी राहतात. आम्हीही तेच केलं.

हवा कशी होती सांगू? कॅनडा म्हणजे बर्फ अशा समजुतीने मी दोन स्वेटर आणलेत. त्या रात्री तापमान २९ होतं, पण इथले लोक दमटपणा मिळवून 'जाणवणारं' तापमान वेगळं सांगतात, ते ३८ होतं. आपल्या मुंबईची मे महिन्यातली रात्र. वाऱ्याचा पत्ता नाही. खाली एवढी मोठी नदी, पण वर झुळूक येईल तर शपथ. पुलाचं लोखंडसुद्धा हाताला कोमट लागत होतं.

मुलाने एक जुना, खिशात मावणारा रेडिओ आणला होता. संगीत उद्यानात भोंग्यांवर वाजतं, पुलावर ते रेडिओवरच ऐकायचं. मोबाइलवर का नाही, तर मोबाइलवर तेच प्रसारण काही सेकंद उशिरा पोचतं आणि सगळा ताल चुकतो. हे सगळं तोच मला समजावत होता. मोठा औटगोळा नळकांड्यातून सुटून वर पोचायला काही सेकंद लागतात, म्हणून संगणक तो ठोक्याच्या तेवढा आधी उडवतो, तेव्हा कुठे तो बरोबर ठोक्यावर फुटतो. लाल रंग स्ट्रॉन्शियमचा, हिरवा बेरियमचा, निळा तांब्याचा. त्यातला निळा सगळ्यात अवघड, कारण जास्त उष्णतेत तांब्याचं ते संयुग टिकतच नाही. अर्ध्या तासासाठी महिनोन्महिने आखणी, मग दिवसचे दिवस हाताने नळकांडी रचायची, एकेक तार जोडायची. छान सांगत होता. शिकवणाऱ्या माणसासारखं. ते मला जाणवलं आणि जाणवून थोडं दुखलंही.

बरोबर दहाला सुरू झालं. पहिली दहा मिनिटं मी हात जोडूनच उभी होते, कळलंही नाही मला. आम्ही किलोमीटरभर लांब होतो, म्हणजे सोनेरी झुंबर आकाशात फुटायचं ते रेडिओतल्या व्हायोलिनच्या ठोक्यावर, आणि त्याचा आवाज छातीत येऊन आदळायचा तो तीनेक सेकंदांनी, पुढच्याच कुठल्या तरी सुरावर. डोळ्यांचा ताल एक, कानांचा दुसरा. (इतकी दारू जाळणं, तो धूर, बिचारे पक्षी, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. माझ्याही आला. प्रश्न खरा आहे, त्यावर एकदा वेगळं लिहीन. आज तिकडे वळत नाही.)

मग धूर साठायला लागला. एरवी वारा तो घेऊन जातो. त्या रात्री वाराच नव्हता, आणि दमट हवेत धूर आणखी दाट होतो म्हणे. त्यातले क्षारांचे कण ओल शोषून फुगतात आणि धुक्यासारखे होतात. पंधराव्या मिनिटापर्यंत बेटावर एक करडा डोंगर उभा राहिला. त्यापुढचं सगळं आम्ही त्या डोंगराआड बघितलं. म्हणजे बघितलं नाहीच. आत कुठेतरी लाल व्हायचं, हिरवं व्हायचं, गोधडीआड कंदील धरल्यासारखं. शेवटची दोन-तीन मिनिटं, ज्यासाठी सगळं राखून ठेवलेलं असतं, तेव्हा तर पूल थरथरत होता, रेडिओवर वाद्यवृंद टिपेला पोचला होता, आणि समोर नुसता उजळलेला धूर. निळा रंग दिसला असता तर तो तिथेच कुठेतरी असणार.

लोक हळहळले. कुणीतरी शीळ घातली, ती कौतुकाची नव्हती. आणि मी म्हणाले, "अरेरे, बिचाऱ्यांचं सगळं फुकट गेलं."

शब्द तोंडातून बाहेर पडला आणि माझा मलाच ऐकू आला. तोच शब्द. मुलाने माझ्याकडे बघितलं नाही. रेडिओ बंद केला, त्याची एरियल एकेक कांडी आत सारली आणि म्हणाला, "आपल्याला दिसलं नाही, एवढंच."

पापिनो स्टेशनपर्यंत गर्दीतून चालताना आम्ही दोघंही बोललो नाही.

तीन दिवस मी या दोन वाक्यांशी आणि श्लोकाशी भांडते आहे. आधी वाटलं, मुलाचं वाक्य म्हणजेच श्लोक. सगळं झालं होतं, पूर्ण झालं होतं, एकही गोळा चुकला नव्हता. आड आला तो आमच्या डोळ्यांच्या. लिहून टाकावं आणि मोकळं व्हावं. पण प्रामाणिकपणे बघितलं तर ते तितकं खरं नाही. आतषबाजी दिसण्यासाठीच असते. न दिसलेला गोळा हा बहुतेक अंशी वाया गेलेलाच गोळा. त्या चमूला (कुठला देश ते मुद्दाम सांगत नाही, त्यांची काय चूक) गुण कमी पडले तर ज्युरीला दोष देता येईल का? ज्युरी न दिसलेल्याला गुण कशी देणार? आणि आदल्या कार्यक्रमाला छान वारा असेल, तर त्यांना मिळालेलं यश सगळं त्यांचंच म्हणायचं का? या हिशेबाला शेवट नाही.

म्हणून शुक्रवारी शांकरभाष्य उघडलं. आचार्यांनी या श्लोकावर एक छोटासा खुलासा केला आहे, तो मी पूर्वी वाचूनही माझ्या लक्षात राहिला नव्हता. ते म्हणतात, शेतीभातीत जसा आरंभ नाश पावतो तसा इथे पावत नाही, आणि औषधोपचारात जसा उलटा अपाय होऊ शकतो तसा इथे होत नाही. वाचून मी थांबलेच. म्हणजे शेती वाया जाऊ शकते हे आचार्य मान्य करूनच पुढे जातात! आमच्या गावाकडे जून कोरडा गेला की दुबार पेरणी असते. पहिलं बियाणं गेलं ते गेलं. त्या शेतकऱ्याच्या बांधावर उभं राहून "काही वाया जात नाही" म्हणायला गीता सांगत नाही. भगवंतांनी अभय दिलं आहे ते एका विशिष्ट मार्गाला, फळाची ओढ सोडून समबुद्धीने केलेल्या कर्माला. पिकाला नाही, पदवीला नाही, ज्युपिटरला नाही.

मग मी इतकी वर्षं लोकांना काय वाटत होते? परीक्षेत राहिलेल्या पोराला, दुकान बसलेल्या माणसाला? त्यांचं जे गेलं होतं ते खरंच गेलं होतं. वर्ष, पैसा, झोप. "वाया जात नाही" म्हणून मी त्यांचं दुःख झटपट मिटवत होते, बहुधा मला ते बघवत नव्हतं म्हणून. आता वाटतं, निदान गेलेल्याला गेलं म्हणायला हवं होतं.

पण मग "फुकट गेलं" हे तरी बरोबर का? इथे मी खूप घुटमळले. एकाच कामात दोन गोष्टी चाललेल्या असतात. एक पीक, ते बांधावरून कुणालाही दिसतं, आलं की नाही. दुसरी, माणसाने ते काम कुठल्या बुद्धीने केलं ती. भगवंत जिला नाश नाही म्हणतात ती ही दुसरी. ती बांधावरून दिसत नाही आणि पुलावरूनही दिसत नाही. त्या चमूतला एखादा माणूस दिवसभर उन्हात तारा जोडताना नुसत्या बक्षिसाकडे डोळा लावून असेल, तर धुराने त्याचं सगळंच नेलं असेल. दुसरा एखादा तार जोडण्यात इतका बुडाला असेल की त्याचं काहीच गेलं नाही. मला कसं कळणार? "फुकट" म्हणजे काहीच शिल्लक नाही. तो निवाडा करायला दुसरी बाजू ठाऊक असावी लागते, आणि ती मी विचारलीच नव्हती. चमूला विचारणं शक्य नव्हतं. मुलाला शक्य होतं. फेब्रुवारीपासून.

हे कळल्यावरही लगेच काही झालं नाही. शनिवारी दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा चहाच विचारला. "अरे, काही वाया जात नाही" असं म्हणायचं धाडस आता नव्हतं, ते खोटं झालं असतं, आणि त्याला ते लगेच कळलं असतं. माफी मागावी, तर त्यातही "आता तू मला बरं वाटू दे" असा हट्ट असतो.

शेवटी काल रात्री, तो भांडी विसळत होता आणि मी पुसत होते, तेव्हा विचारलं, "तू सहा वर्षं नेमकं काय करत होतास रे?"

त्याने नळ बंद केला. "खरंच सांगू?"

"सांग."

मग त्याने वाणसामानाच्या बिलाच्या पाठीवर नदी काढली. हिवाळ्यात हीच नदी वरून गोठते, तेव्हा बर्फाच्या लादीखाली तळाचा गाळ कसा सरकतो, हे तो मोजत होता. एरवी पाण्याला तळाशी घासायला लागतं, वर मोकळीक असते. बर्फ धरला की वरूनही घासायला लागतं, म्हणून सगळ्यात वेगाचं पाणी मधोमध जातं. बर्फाला भोकं पाडून, उणे वीसमध्ये, तो तासन् तास मापं घेत उभा असे. चौथ्या वर्षी एक अख्ख्या हिवाळ्याची मापं चुकली, ते सांगताना तो चक्क हसला. आतल्या खोलीतून हे येऊन उंबऱ्यात टेकून उभे राहिले. अर्ध्यावर मला काही कळेना झालं. मी तसं सांगितलं.

"थांब," तो म्हणाला, "परत पहिल्यापासून सांगतो," आणि बिल उलटं करून दुसऱ्या बाजूला जागा शोधायला लागला.

उद्या श्लोक ४१. माउलींचा छोट्याशा दिव्याच्या ज्योतीचा दृष्टांत तिथे आहे, ज्ञानेश्वरी जवळ घेऊन बसा.

राम कृष्ण हरी.