फिटणे, सुटणे आणि 'क्विट'

ऑगस्ट १९४२ मध्ये नगरच्या भुईकोट किल्ल्यात काँग्रेस कार्यकारिणीचे बारा सभासद आणून डांबले, ते एका इंग्रजी क्रियापदापायी, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. नेहरू, पटेल, मौलाना आझाद, पंत, कृपलानी, नरेंद्र देव. मराठी माणूस त्यांत एकटे शंकरराव देव. क्रियापद होते 'क्विट'. गंमत अशी की ८ ऑगस्टला गवालिया टँकवर मंजूर झालेल्या ठरावात ब्रिटिश सत्तेने 'विथड्रॉ' व्हावे अशी मागणी होती. लोकांच्या तोंडी बसले ते 'क्विट', आणि त्याचे श्रेय मुंबईचे महापौर युसुफ मेहेरअली यांना दिले जाते. 'गेट आउट' गांधीजींना असभ्य वाटले, राजाजींनी सुचवलेले 'रिट्रीट' आणि 'विथड्रॉ' मागे पडले, अशी आठवण सांगतात.

'गेट आउट' असभ्य आणि 'क्विट' सभ्य, असे का? माझा तर्क असा की हा शब्द वकिलांच्या कानाचा होता. गांधी, पटेल, नेहरू, पंत, असफ अली, सगळे वकिलीतले. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात भाडेपट्टा कसा संपतो हे सांगणारे कलम १११ आहे. त्यात 'नोटीस टू क्विट' येते. मुदत द्यायची, मुदत संपली की जागा खाली करून घ्यायची. त्यात शिवी नाही, धक्काबुक्की नाही, मालकी कोणाची एवढेच ठणकावून सांगितलेले असते. आपण चळवळीला 'चले जाव' म्हणू लागलो आणि त्यातली कचेरी गळून पडली. दारातल्या माणसाला हाकलल्याचा आवाज तेवढा उरला.

आता नोटीस भाडेकरूला द्यायची, पण हा भाडेकरू कसला? ८ ऑगस्ट १८०३ रोजी वेलस्लीने नगरची पेठ शिड्या लावून घेतली आणि १२ तारखेला शिंद्यांच्या किल्लेदाराने किल्ला सोडला. म्हणजे इंग्रज नगरात शिरला त्याला बरोबर १३९ वर्षे होत होती, त्या दिवशी त्याला 'क्विट' म्हटले गेले. तारखांचा हा योगायोग कोणी मुद्दाम साधला नव्हता. म्हणून तर तो मला आवडतो.

पण 'क्विट'चा मूळ अर्थ 'जा' असा नाहीच. लॅटिनमध्ये 'क्विएतुस' म्हणजे निवांत, शांत. तिथून जुन्या फ्रेंचमध्ये आणि मग इंग्रजीत हा शब्द आला तो देण्यातून मोकळे होण्याच्या अर्थाने. मध्ययुगीन इंग्लंडच्या खजिन्यात एखाद्याचा हिशोब चुकता झाला की वहीत 'क्विएतुस एस्त' असा शेरा पडे: हा माणूस आता निवांत. आरोपातून सोडणारे 'ॲक्विट' त्याच घराण्यातले, आणि दोघांची फिटंफाट झाली म्हणजे 'क्विट्स'. जागा सोडून जाण्याचा अर्थ पुढे आला. आधी हिशोब, मग दार.

मराठीत हे सगळे 'फिटणे' या एका क्रियापदात आहे. कर्ज फिटते, गाठ फिटते, संशय फिटतो, पांग फिटतात, डोळ्यांचे पारणेही फिटते. आणि 'फारकत' पाहा. आज नवरा-बायकोची फारकत होते, पक्षाशी फारकत घेतली जाते. मूळ शब्द फारखत. 'फारिग' म्हणजे मोकळा आणि 'खत' म्हणजे लेख. देणेकऱ्याकडे आता काही बाकी नाही, असे सावकाराने लिहून दिलेला कागद. 'क्विट' ज्या वाटेने देण्याघेण्यातून ताटातुटीकडे गेला, त्याच वाटेने फारखत गेली, तीही कोणाला न विचारता. इनाम जमिनीवरच्या हलक्या साऱ्याला आपण जुडी म्हणतो, तिला इंग्रजी दप्तरात 'क्विट-रेंट' म्हटले आहे: एवढे भरा आणि बाकीच्या मागण्यांतून सुटा.

फारखत मिळाली नाही की काय होते हे नगर जिल्ह्याने १८७५ मध्ये पाहिले. मे महिन्यात पुण्याकडच्या सुप्यात (पारनेरचे सुपे नव्हे) दंगा सुरू झाला आणि पारनेर, श्रीगोंदा, नगर, कर्जत या तालुक्यांत पसरला. शेतकरी सावकाराच्या दारात जात, कर्जरोखे मागत आणि चौकात जाळत. रोखे मुकाट्याने हाती आले की सहसा पुढे काही करत नसत. धान्य किंवा दागिने लुटण्यापेक्षा त्यांना कागद हवा होता. फेडलेल्या पैशाची पावती नाही, वही सावकाराची, व्याज सावकार सांगेल ते. मग मोकळे होण्याचा एकच मार्ग उरला, आगीचा. सरकारने चौकशी केली आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. त्यात कुळाला भरलेल्या रकमेची लेखी पावती आणि खात्याचा उतारा मागण्याचा हक्क मिळाला.

हाच हिशोब लावला तर १९४२ ची घोषणा वेगळीच दिसते. किल्ल्यात नेहरू 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहीत होते त्या काळात इंग्लंड हिंदुस्थानचे देणेकरी बनत चालले होते. युद्धासाठी इथला माल आणि माणूस वापरायचा आणि लंडनच्या खात्यात आकडा मांडून ठेवायचा, असा व्यवहार. युद्ध संपेपर्यंत तो आकडा सुमारे १३० कोटी पौंडांवर गेला. १५ ऑगस्ट १९४७ ला इंग्रज निघून गेला खरा, पण ही बाकी तशीच होती. ती पुढे करारामागून करार करत थोडीथोडी सुटली. म्हणजे तो गेला, 'क्विट' झाला नाही.

हल्ली नोकरी 'क्विट केली' असे पोरे सहज म्हणतात. पारनेरच्या सुप्याच्या किंवा नागापूरच्या एमआयडीसीत विचारा. पण तोच पोरगा 'फुल अँड फायनल' झाले का, रिलीव्हिंग लेटर मिळाले का, याच्या मागे महिनाभर फोन करत असतो. ती फारखतच. तिच्याशिवाय पुढची नोकरी अडते हे त्याला ठाऊक असते.

याच जिल्ह्यातल्या पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या ऊसतोड कामगाराला ही फारखत मिळत नाही. दसरा-दिवाळीच्या आगेमागे मुकादम उचल देतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. दोघांची मेहनत एका नावावर. काटा कारखान्याचा, वही मुकादमाची, आणि तोडणाऱ्याकडे असतो तो तोंडी आकडा. खाडा पडला की दंड वळता होतो. पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, आणि टोळी परतायला निघाली की मुकादम सांगतो, एवढे अंगावर राहिले. ती बाकी पुढच्या हंगामाची पहिली उचल बनते. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी आणि तिच्यामागचे कर्ज रद्द झाले, पण वहीतली बाकी खरी की खोटी हे ठरवायला तोडणाऱ्याकडे कागदच नसतो. आशियातला पहिला म्हणून ओळखला जाणारा सहकारी साखर कारखाना याच जिल्ह्यात, लोणीला उभा राहिला. सावकाराच्या वहीतून सुटण्यासाठीच शेतकऱ्याने सहकार धरला होता. त्याच्या शेतातला ऊस मात्र अजून वहीवरच तुटतो आहे.

कारखान्यांच्या संचालकांना हे अवघड नाही. पट्टा पडेल त्या दिवशी प्रत्येक कोयत्याला टन, दर, उचल, कपात आणि बाकी लिहिलेला सही-शिक्क्याचा कागद द्या, नवऱ्याचे आणि बायकोचे अशी दोन्ही नावे घालून. १८७९ मध्ये कुळाला जे मिळाले, ते तेवढे तरी.