पाचपट

आरमोरीजवळच्या एका गावातली मुलगी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. जंगलात लावलेल्या कॅमेऱ्यांच्या पेट्यांत पावसाचे पाणी शिरते, मुंग्या घर करतात. म्हणून झाकण न उघडताच, बाहेरच्या वेटोळ्यातून आतल्या वेटोळ्यात वीज पोचवून बॅटरी चार्ज करायची, असा तिचा प्रकल्प. संगणकावर तिने सगळे मांडून पाहिले. ११७ किलोहर्ट्झला वीज उत्तम पोचत होती. मोबाइलचे बिनतारी चार्जरही याच्याच आसपास चालतात. दिवाळीच्या सुटीत तिने खरे यंत्र घरी जोडले. पेटीवरचा हिरवा दिवा लागला.

त्याच क्षणी ओसरीवर आबाजींचा रेडिओ खरखरू लागला.

"काहून वं, बंद कर ते! धानाच्या कडपा बांधीत पडल्या हायेत. पाण्याचं काय सांगते ते आयकू दे."

"तुमचा रेडिओच जुना झालाय, आबाजी. माझं यंत्र बरोबर आहे. संगणकावर तपासलंय."

"त्या संगणकात माहा रेडिओ होता का?"

नात गप्प झाली. रात्री तिने आराखडा पुन्हा उघडला. त्यात तिने वेटोळ्याला स्वच्छ, गोलाईदार लहर दिली होती. प्रत्यक्षात सर्किटमधले स्विच चौकोनी लहर काढत होते, आणि चौकोनी लहरीत मूळ वारंवारतेच्या तिप्पट, पाचपट, सातपट लहरीही असतात. ११७ची पाचपट ५८५, आणि आकाशवाणी नागपूर मध्यमलहरींवर लागायचे तेही ५८५ किलोहर्ट्झवरच! भरीला बॅटरीची लांब वायर अँटेनाचे काम करत होती. आराखड्यात ती वायर नव्हतीच.

या वेळी तिने स्विचची खरी लहर घेतली, वायर तिच्या लांबीसकट घेतली, ओसरीवरचा रेडिओही मांडला. वारंवारता १३० केली. तिची चौपट ५२०, पाचपट ६५०. ५८५ बरोबर मधे मोकळे राहिले. त्यासाठी कपॅसिटर बदलले, वायर आखूड करून पिळली, फिल्टर बसवला. वीज थोडी कमी पोचू लागली, पण हिरवा दिवा लागला तरी रेडिओ स्पष्ट बोलत होता. पावसाचा इशारा ऐकून दोघेही कडपा उचलायला बांधीकडे निघाले.

तात्पर्य : आपले काम साधले की हिशेब पुरा होत नाही. त्याचा उपद्रव शेजाऱ्याला किती, हेही आधीच मांडून पाहावे.