भाकर घातली, पुढं?

१९६० सालच्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं अकरावं कलम वाचताना मध्येच थबकायला होतं. मारहाण, उपासमार, जादा ओझं लादणं हे गुन्हे त्यात असणारच. पण त्याच यादीत आणखी एक गुन्हा आहे. कायम साखळीला बांधलेल्या किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला मालकानं पुरेसं हिंडवलं-फिरवलं नाही, तर तीही क्रूरता. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत खाजगी विधेयक आणून या कायद्याचा पाठपुरावा केला होता. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये, म्हणजे सुरुवात एका चहाच्या किमतीपासून. या दंडाला भिऊन कुणी कुत्रं फिरवायला नेणार नाही. पण पोटभर खायला मिळणाऱ्या जनावराचेही हाल होऊ शकतात, हे कायद्याला साठ वर्षांपूर्वी कळलं होतं. आपल्याला अजून ते नीट पटलेलं नाही.

आपल्या धाराशिव जिल्ह्यात कुत्रं हौसेपेक्षा कामासाठी जास्त पाळतात. शेतातल्या वस्तीवर राखणीला, उस्मानाबादी शेळ्यांच्या मागं, नाहीतर बालाघाटच्या माळावर मेंढरं बसवणाऱ्या धनगराच्या सोबतीला. २०२४ च्या अखेरीस येडशी-रामलिंगच्या अभयारण्यात टिपेश्वरकडचा वाघ येऊन पोहोचला, तेव्हा आसपासच्या वस्त्यांवर रात्री कुत्रं भुंकलं की माणसं उठून बसत असणार. असं इमानानं राबलेलं कुत्रं दहा-अकरा वर्षांचं झालं की त्याचे कान जातात, डोळ्यांत पांढरं येतं, मागचे पाय धरतात. घरात नवं पिल्लू येतं आणि जुन्याला कोठ्यामागच्या लिंबाला बांधतात. "लई केलं बिचाऱ्यानं, आता बसून खाऊ दे की."

या वाक्यात दुष्टपणा नाही, मायाच आहे. म्हणून तर त्यातली चूक दिसत नाही. बसून खाणं हे सुख आहे, ही आपली, माणसांची कल्पना. कुत्र्याचं जगणं हुंगण्यात आहे, कोण आलं, कोण गेलं याची दखल घेण्यात आहे, बांधावरून रात्री काय गेलं ते सकाळी नाकानं ताडण्यात आहे. ते काढून घेतलं आणि ताटली तेवढी पुढं सरकवली, की उरतो तो जिवंत ठेवण्याचा उपचार.

हे नुसतं हळव्या मनाचं बोलणं नाही. टोरोंटो विद्यापीठातल्या नॉर्टन मिलग्रॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४८ उतारवयाच्या बीगल कुत्र्यांवर दोन वर्षं प्रयोग केला आणि २००५ मध्ये निष्कर्ष छापले. काहींना अँटिऑक्सिडंट घातलेला आहार दिला. काहींना जास्त फिरवलं, सोबती दिला, खेळणी दिली, शिकण्याची कामं दिली. दोन्ही गटांना फायदा झाला. ज्यांना दोन्ही मिळालं, त्यांची बुद्धी सर्वांत शाबूत राहिली. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या पंधरा हजार कुत्र्यांच्या माहितीवरून असंही दिसलं की, जवळपास एकसारख्या परिस्थितीतल्या कुत्र्यांत सुस्त कुत्र्याला बुद्धिभ्रंशाचा धोका चपळ कुत्र्याच्या सुमारे साडेसहापट होता. सुस्त म्हणून भ्रम की भ्रम झाला म्हणून सुस्त, हे मात्र त्यातून ठरत नाही.

कुत्र्यालाही बुद्धिभ्रंश होतो, हेच आपल्याकडं फारसं ठाऊक नाही. कॅलिफोर्नियातल्या २००१ च्या पाहणीत अकरा-बारा वर्षांच्या २८ टक्के कुत्र्यांत त्याचं किमान एक लक्षण आढळलं होतं आणि पंधरा-सोळा वर्षांच्या ६८ टक्क्यांत. असं कुत्रं कोपऱ्यात जाऊन अडकल्यासारखं उभं राहतं. दाराच्या बिजागरीकडच्या बाजूनं बाहेर पडू बघतं. दिवसा झोपतं, रात्री उगाच भुंकतं, घरच्याच माणसावर गुरगुरतं. गावात याचा अर्थ एकच लावतात, कुत्रं पिसाळलं! आणि मग काठ्या निघतात. आयुष्यभर ज्या दारासमोर राखण केली त्याच दारासमोर मरण येतं, तेही गैरसमजातून. हा विषय मला कायद्यातल्या दहा रुपयांपेक्षा फार गंभीर वाटतो. म्हातारपणाचा भ्रम महिनोन्‌महिने हळूहळू वाढतो. रेबीजची लक्षणं दिसू लागली की कुत्रं बहुधा दहा दिवसांच्या आत मरतं. वागणं एकाएकी बदललं तर जवळ जाऊ नये, मुलांना लांब ठेवावं आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावं. निदान त्यांनी करायचं, गल्लीनं नाही. दरवर्षी लस टोचलेली असली तर निम्मी भीती तिथंच संपते.

बाकी करायचं ते खरोखर फार थोडं आहे. डोळे-कान गेले तरी नाक पुष्कळदा शेवटपर्यंत साथ देतं, म्हणून कामही नाकालाच द्यावं. ज्वारीच्या भाकरीचे तुकडे ताटलीत न टाकता कडब्यात, पोत्याच्या घडीत, उपड्या टोपल्याखाली लपवावेत आणि त्याला शोधू द्यावेत. फिरायला नेताना ओढत नेऊ नये. एका बोरीच्या झुडपाशी ते पाच मिनिटं रेंगाळलं तर रेंगाळू द्यावं, त्याचा पेपर वाचून होतोय. शेळ्यांमागं दिवसभर जाणं जमत नाही, तर पहिल्या बांधापर्यंत जाऊ द्यावं. उन्हाळ्यात पहाटे आणि दिवस मावळल्यावरच. पाय दुखतात म्हणून घरातली माणसांची दुखण्याची गोळी कधीही देऊ नये, त्यातल्या काही गोळ्या कुत्र्याचा जीव घेतात. द्राक्षबागा असलेल्यांनी घडांपासूनही त्याला लांब ठेवावं, द्राक्षानं कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

नामदेवांची गोष्ट इथं आठवायलाच हवी, कारण तिची सुरुवात आपल्याच जिल्ह्यात होते. तेरच्या गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन संतमंडळींची डोकी तपासली आणि नामदेवांचं मडकं कच्चं ठरवलं. मग ते औंढ्याला विसोबा खेचरांकडं गेले. परंपरा सांगते की नंतर एकदा कुत्र्यानं त्यांची भाकर पळवली, तेव्हा ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागं धावले. कीर्तनात यावर हशा आणि टाळ्या दोन्ही मिळतात. मला त्यातली बारकाई महत्त्वाची वाटते. भाकर तर कुत्र्याला मिळालीच होती. नामदेवांना काळजी होती ती कोरडी असल्याची. खाणाऱ्याला आणखी काय हवं असेल, हा प्रश्न पडणं हीच मडकं भाजल्याची खूण असावी.

कुणी म्हणेल, पोरं पुण्याला गेली, म्हातारे आई-बाप वाड्यात एकटे बसलेत, त्यांना कुणी हिंडवत नाही आणि तुम्ही कुत्र्याचं काय घेऊन बसलात? आक्षेप रास्त आहे आणि बोचराही. पण एकाकडं लक्ष दिलं म्हणून दुसऱ्याचं कमी होतं, असा हा हिशोब नाही. घरातल्या आजोबांनाही "तुम्ही बसून खावा" हेच सांगितलं जातं आणि त्यांचं कामही त्याच मायेनं काढून घेतलं जातं. ज्या घरात आजोबा आणि जुनं कुत्रं दोघंही आहेत, तिथं साखळी आजोबांच्या हातात द्या आणि संध्याकाळी दोघांना मारुतीच्या पारापर्यंत जाऊन येऊ द्या. पायात अडकणारी दोरी किंवा तापलेला रस्ता नको, एवढं पाहा. आणि लिंबाखालच्या त्या कुत्र्याची साखळी आज उन्हं उतरल्यावर सोडा.